पहिला अभ्यासनिबंध लिहिताना: प्रश्न, नोंदी आणि संदर्भ

पदव्युत्तर वर्गात नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात दोन-तीन हजार शब्दांचा अभ्यासनिबंध लिहून द्यायला सांगितले जाते, पण तो लिहायचा कसा हे बहुतेक वेळा कोणी बसून शिकवत नाही. शाळेपासून आपण निबंध लिहीत आलेले असतो, त्यामुळे हाही तसाच काहीसा प्रकार असावा अशी समजूत होते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. शालेय निबंधात भाषा आणि कल्पना यांना गुण मिळतात. अभ्यासनिबंधात लेखकाने एक नेमका प्रश्न विचारलेला असतो, त्याचे उत्तर पुराव्यांच्या आधारे मांडलेले असते आणि प्रत्येक पुरावा कुठून आणला हे अशा रीतीने सांगितलेले असते की वाचकाला वाटल्यास तो त्या पानापर्यंत स्वतः जाऊन खात्री करून घेऊ शकेल. संदर्भ देण्याच्या पद्धतीतील स्वल्पविराम आणि कंस कंटाळवाणे वाटतात हे खरे, परंतु त्या सगळ्यामागचा हेतू वाचकाला ही वाट मोकळी ठेवण्याचा आहे, आणि तो ध्यानात ठेवला की बहुतेक नियम पाठ न करताही उमगतात.

हा लेख मराठीतून निबंध लिहिणाऱ्या, विशेषतः मराठी साहित्य किंवा इतिहास या विषयांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. सूचना हवेत राहू नयेत म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत बरोबर ठेवले आहे: ताराबाई शिंदे यांचे १८८२ मध्ये पुण्यात छापले गेलेले ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक. आकाराने लहान, वादाने भरलेले आणि आवृत्त्यांचा गुंतागुंतीचा प्रवास असलेले हे पुस्तक नवख्या अभ्यासकाला जवळजवळ प्रत्येक अडचण दाखवते.

विषयाकडून प्रश्नाकडे

‘ताराबाई शिंदे यांचे स्त्री-पुरुष तुलना: एक अभ्यास’ असे शीर्षक घेऊन विद्यार्थी येतात, तेव्हा त्यांच्याजवळ विषय असतो पण प्रश्न नसतो. ‘एक अभ्यास’ या शब्दांखाली लेखिकेचे चरित्र, पुस्तकाचा सारांश, तत्कालीन समाजस्थिती आणि शेवटी गौरवाचे दोन परिच्छेद असे काहीही मावते, आणि तसाच निबंध लिहिलाही जातो. त्याऐवजी पुस्तकाच्या जन्माकडे पाहावे. सूरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात मुलाच्या हत्येचा आरोप ठेवून १८८१ मध्ये खटला चालला. तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली आणि अपिलात ती कमी करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रियांच्या नीतिमत्तेवर टीका होऊ लागली, ‘पुणे वैभव’मधील लिखाणही त्यातलेच, आणि ताराबाईंनी लेखणी उचलली ती या टीकेला उत्तर देण्यासाठी. एवढे कळले की प्रश्न आपोआप समोर येतो: वर्तमानपत्री आरोपांना उत्तर देताना ताराबाई कोणती युक्तिवादाची पद्धत वापरतात? त्या आरोप नाकारतात, की तेच आरोप पुरुषांवर उलटवतात, की आरोप करण्याचा अधिकारच तपासतात?

प्रश्न चांगला आहे की नाही, हे पाहण्याच्या माझ्या कसोट्या साध्या आहेत. या प्रश्नाचे दुसरे एखादे उत्तर कोणी विचारी माणूस देऊ शकेल का? देऊ शकत नसेल, तर सिद्ध करण्यासारखे काही उरत नाही. उत्तर शोधण्यासाठी मूळ पुस्तक पुन्हा उघडावे लागेल का? लागणार नसेल, तर निबंध इतरांच्या मतांचे संकलन होईल. आणि मिळणारी साधने व दिलेली शब्दमर्यादा यांत तो मावेल का? ‘एकोणिसाव्या शतकातील स्त्री-सुधारणा’ हा विषय अडीच हजार शब्दांत मावत नाही, तर एका पुस्तकातील एका युक्तिवादाची पद्धत मावते.

मूळ साधन आधी, प्रस्तावना नंतर

ज्या काळाविषयी किंवा ज्या कृतीविषयी आपण लिहीत आहोत तिथूनच आलेले लिखाण म्हणजे प्राथमिक साधन, आणि त्यावर नंतर इतरांनी लिहिलेले ते दुय्यम साधन. आपल्या उदाहरणात ताराबाईंचे पुस्तक आणि त्या वेळची वर्तमानपत्रे प्राथमिक आहेत, तर आधुनिक अभ्यासकांचे लेख दुय्यम. प्राथमिक साधन दोनदा वाचल्याशिवाय दुय्यम साधनाला हात लावू नये असा माझा आग्रह आहे, कारण एकदा एखाद्या समीक्षकाचे स्पष्टीकरण मनात बसले की पुस्तकात तेवढेच दिसू लागते.

मूळ साधन म्हणजे नेमकी कोणती प्रत, हा प्रश्न इथे लगेच उभा राहतो. ताराबाईंचे पुस्तक पहिल्या प्रकाशनानंतर जवळजवळ विस्मृतीत गेले होते. स. गं. मालशे यांनी ते संपादित करून १९७५ मध्ये पुन्हा वाचकांपुढे आणले, आणि आज आपण वाचतो ते बहुधा त्या संपादनाच्या आधाराने. अशा संपादित आवृत्तीत दोन माणसांचे लिखाण एकाच बांधणीत असते: प्रस्तावना आणि टिपा संपादकाच्या, संहिता लेखिकेची. प्रस्तावनेतील एखादे वाक्य उचलून ‘ताराबाई म्हणतात’ असे लिहिणारे निबंध मी अनेकदा पाहिले आहेत. लेखकाचा उतावीळपणा यात असतो, पण नोंद करताना ‘हे पान कोणाचे’ असे न विचारणे हेच याचे खरे कारण आहे.

अनुवादाच्या बाबतीत याहून मोठी चूक होते. रोझलिंड ओहॅनलन यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद विस्तृत प्रस्तावनेसह १९९४ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तो महाजालावर अंशतः सहज हाती लागतो. त्या इंग्रजीवरून एखादे वाक्य पुन्हा मराठीत आणून अवतरणचिन्हांत घातले, तर ताराबाईंनी कधीच न लिहिलेले मराठी आपण त्यांच्या तोंडी घालतो. मूळ मराठी उपलब्ध असताना अवतरण मराठीतूनच द्यावे. अनुवादकाच्या प्रस्तावनेतील मत घ्यायचे असेल तर ते तिच्या नावाने, आपल्या शब्दांत आणि संदर्भासह घ्यावे.

महात्मा फुले यांनी १८८५ मधील ‘सत्सार’मध्ये ताराबाईंच्या पुस्तकाचा कैवार घेतला, म्हणून आपल्या निबंधात फुले वाङ्मयाची गरज पडणारच. इथेही आवृत्ती पाहावी लागते. फुल्यांचे समग्र वाङ्मय धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाने १९६९ मध्ये निघाले, आणि पुढे य. दि. फडके यांनी संपादित केलेली आवृत्ती १९९१ मध्ये आली. दोन्हींवर नाव तेच असले तरी पृष्ठांक जुळतीलच असे नाही. वर्गातील एकाने एका आवृत्तीचा आणि दुसऱ्याने दुसऱ्या आवृत्तीचा पृष्ठांक घेतला आणि आवृत्तीच नोंदवली नाही, तर दोघांचेही संदर्भ निरुपयोगी होतात.

साधने शोधायला सुरुवात मराठी विश्वकोशातील नोंदीपासून करायला हरकत नाही, कारण नोंदीखाली पुढच्या वाचनाची दिशा मिळते. मात्र निबंधाचा मुख्य आधार म्हणून कोशाची नोंद पुरत नाही. अप्रकाशित प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हे संकेतस्थळ पाहावे. जुनी पुस्तके आणि नियतकालिके मात्र अजूनही प्रत्यक्ष ग्रंथालयांतच अधिक मिळतात: मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि एशियाटिक सोसायटी, पुण्यात पुणे नगर वाचन मंदिर आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, पणजीत कृष्णदास शामा ग्रंथालय. जाण्यापूर्वी दूरध्वनी करून ओळखपत्र, शिफारसपत्र आणि छायाचित्रे घेण्याची परवानगी यांविषयी विचारून घ्यावे.

नोंदी: निबंध इथेच घडतो किंवा बिघडतो

सगळ्या टप्प्यांत नोंदींचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि दुर्लक्षही त्याकडेच सर्वांत जास्त होते. पुस्तक हातात आले की पहिले काम वाचणे नव्हे. आधी शीर्षकपृष्ठ आणि त्याच्या मागचे मुद्रणपृष्ठ पाहावे. लेखकाचे नाव, पुस्तकाचे पूर्ण शीर्षक, संपादक किंवा अनुवादक, आवृत्ती, प्रकाशक, स्थळ आणि वर्ष ही माहिती या दोन पानांवर असते आणि मुखपृष्ठावर ती बहुधा अपुरी असते. या दोन्ही पानांचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर काढून ठेवावे आणि त्यानंतरच वाचनाला बसावे. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरकही तिथेच कळतो. पुनर्मुद्रणात साधारणपणे मजकूर तोच राहतो, नव्या आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो.

प्रत्यक्ष नोंद वहीत करा, कार्डावर करा की संगणकात करा, हा सोयीचा प्रश्न आहे. पण प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर ग्रंथाचे नाव आणि पृष्ठांक असलाच पाहिजे, आणि नोंद तीनपैकी कोणत्या प्रकारची आहे हे खुणेने दाखवले पाहिजे. शब्दशः उतरवलेला मजकूर अवतरणचिन्हांत. लेखकाचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगितले असेल तर ‘सा.’ म्हणजे सारांश. आणि वाचताना स्वतःच्या मनात आलेला विचार असेल तर ‘मा.’ म्हणजे माझे. ही तीन खुणांची शिस्त किरकोळ वाटते, पण प्रामाणिक विद्यार्थ्यांच्या हातून होणारी उचलेगिरी मी जितकी पाहिली, तिच्यातील बहुतेकीचा उगम इथेच होता. महिनाभरापूर्वी वहीत उतरवलेले एखादे सुबक वाक्य आपलेच वाटू लागते आणि ते संदर्भाशिवाय निबंधात जाते.

मी स्वतः पहिला निबंध लिहिताना एका जुन्या मासिकातील दोन उतारे उत्साहाने उतरवून घेतले होते, पण अंकाचा महिना आणि पृष्ठांक लिहिला नव्हता. निबंध पूर्ण झाल्यावर ते लक्षात आले. ग्रंथालय दुसऱ्या शहरात होते, तिथे परत जावे लागले, आणि बांधीव खंडांतून ती पाने शोधण्यात अख्खा दिवस गेला. एक उतारा सापडला. दुसरा सापडला नाही, म्हणून त्यावर उभा केलेला परिच्छेद काढून टाकावा लागला, आणि तो परिच्छेद निबंधातला सर्वांत चांगला होता.

मसुदा आणि परिच्छेद

नोंदी झाल्यावर लगेच प्रस्तावना लिहायला बसू नये. आधी आपले उत्तर एका वाक्यात लिहावे. यालाच निबंधाचे प्रतिपादन म्हणतात. उदाहरणार्थ: ‘ताराबाई स्त्रियांवरील आरोपांचे खंडन करण्यावर थांबत नाहीत, तर प्रत्येक दोषाच्या संदर्भात स्त्री आणि पुरुष यांना एकाच मापाने मोजून ते माप लावणाऱ्यांची विसंगती उघड करतात.’ हे वाक्य कागदावर आले की कोणत्या नोंदी उपयोगी आणि कोणत्या बाजूला ठेवायच्या हे ठरवता येते. बऱ्याच नोंदी बाजूला ठेवाव्या लागतात, आणि त्यांचा मोह सोडवत नाही म्हणूनच अनेक निबंध फुगतात.

प्रत्येक परिच्छेदाने त्या एका वाक्याच्या दिशेने एक पाऊल टाकावे. परिच्छेदाच्या आरंभी आपले विधान, मग पुरावा, मग तो पुरावा आपल्या विधानाला कसा आधार देतो याचे स्पष्टीकरण. यातले तिसरे अंग नवखे लेखक गाळतात. लांब अवतरण देऊन परिच्छेद संपवतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात, जणू अवतरण स्वतःच बोलेल. ते बोलत नाही. त्यातील कोणता शब्द, कोणती उपमा, कोणते वळण आपल्याला महत्त्वाचे वाटले हे लेखकानेच दाखवावे लागते.

अवतरण मूळ बरहुकूम द्यावे. एकोणिसाव्या शतकातील छापील मराठीत ‘नाहीं’, ‘केलें’, ‘त्यांणीं’ अशी अनुस्वारयुक्त रूपे सर्रास आढळतात. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ आणि १९७२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, म्हणून आपल्या लेखनात ते नसतील. पण अवतरणात मात्र हाती असलेल्या आवृत्तीत जसे आहे तसेच ठेवावे. मजकूर मधून गाळला तर तीन टिंबे द्यावीत, अर्थासाठी स्वतःचा शब्द घातला तर तो चौकोनी कंसात घालावा, आणि मुळात उघड मुद्रणदोष असेल तर चौकोनी कंसात ‘मुळात असेच’ असे नोंदवावे. तीन-चार ओळींपेक्षा मोठे अवतरण स्वतंत्र परिच्छेदात, दोन्ही बाजूंनी आत घेऊन आणि अवतरणचिन्हांशिवाय छापण्याची रूढी आहे.

भाषेबद्दल एवढेच सांगतो: ‘असे म्हटले जाते’, ‘अनेक विद्वानांच्या मते’, ‘सर्वांनाच ज्ञात आहे’ हे शब्दप्रयोग मसुद्यात जिथे जिथे दिसतील तिथे थांबावे. कोणी म्हटले? कोणते विद्वान? नाव आणि पान देता येत असेल तर द्यावे, येत नसेल तर वाक्य काढावे. ‘प्राचीन काळापासून भारतीय समाजात स्त्रियांवर अन्याय होत आला आहे’ अशा वाक्याने सुरू होणारी प्रस्तावनाही बदलावी, कारण त्या वाक्याला पुरावा देणे कोणालाच शक्य नसते आणि आपल्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंधही नसतो. प्रस्तावना शेवटी लिहावी, म्हणजे आपण प्रत्यक्षात काय सिद्ध केले हे माहीत असताना ती लिहिली जाते.

संदर्भ केव्हा द्यायचा

शब्दशः अवतरणाला संदर्भ हवा, हे सर्वांना माहीत असते. दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगितले तरीही संदर्भ हवाच, हे बहुतेकांना नवे असते. शब्द बदलले म्हणून विचार आपला होत नाही. तसेच आकडेवारी, वादग्रस्त तारखा आणि एखाद्या अभ्यासकाने लावलेला अन्वयार्थ यांनाही संदर्भ द्यावा लागतो. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात झाली, ही कोणत्याही प्रमाण ग्रंथात एकसारखी आढळणारी गोष्ट आहे, तिला संदर्भाची गरज नाही. पण त्या समाजाच्या विचारांचा ताराबाईंवर परिणाम किती होता, हे मत आहे, आणि ते ज्याचे असेल त्याच्या नावावर गेले पाहिजे.

दुसऱ्याच्या पुस्तकातून अवतरण घेणे हा आणखी एक नाजूक प्रसंग. फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. आज तो उद्धृत करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ‘ज्ञानोदय’चा तो अंक पाहिलेला असतो, आणि तो न पाहणे हा गुन्हा नाही. ज्या संकलनात आपण तो वाचला त्याचे नाव देऊन ‘मूळ प्रसिद्धी: ज्ञानोदय, १८५५, इथे अमुक ग्रंथातून उद्धृत’ असे प्रामाणिकपणे लिहावे. न पाहिलेल्या अंकाचा थेट संदर्भ देणे मात्र चूक आहे, कारण संकलनकर्त्याकडून एखादा शब्द गळाला असेल तर तो दोष आपण खात्रीपूर्वक पुढे पाठवतो.

संदर्भ कसा लिहायचा

प्रचलित पद्धती मुख्यतः दोन आहेत. एकीत मजकुरात क्रमांक देऊन पानाच्या तळाशी तळटीप किंवा निबंधाच्या अखेरीस अंत्यटीप देतात. दुसरीत मजकुरातच कंसात लेखकाचे आडनाव, वर्ष आणि पृष्ठांक देतात. साहित्य आणि इतिहास यांत पहिली, सामाजिक शास्त्रांत दुसरी अधिक चालते. एमएलए, एपीए आणि शिकागो या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नियमावल्या इंग्रजी लेखनासाठी घडल्या आहेत, आणि मराठीला त्या जशाच्या तशा बसत नाहीत. मराठीत या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शनही आहे: ताराबाईंचे पुस्तक पुन्हा प्रकाशात आणणाऱ्या मालशे यांनीच शोधनिबंधाच्या लेखनपद्धतीवर पुस्तक लिहिले आहे. आपल्या विभागाने जी पद्धत सांगितली असेल ती घ्यावी, सांगितली नसेल तर एक निवडावी, आणि निबंधभर तिच्यापासून ढळू नये.

तळटिपेत पुस्तकाचा पहिला उल्लेख पूर्ण असतो. आपल्या उदाहरणात तो असा सुरू होईल: ताराबाई शिंदे, स्त्री-पुरुष तुलना (पहिली आवृत्ती १८८२), संपा. स. गं. मालशे, मुंबई, १९७५. त्यात प्रकाशकाचे नाव आणि ‘पृ.’ लिहून पृष्ठांक तुमच्या हातातील प्रतीवरून घालायचा. लगेच पुढच्या टिपेत तोच ग्रंथ आला तर ‘तत्रैव, पृ.’ आणि मध्ये दुसरा ग्रंथ येऊन गेला असेल तर ‘शिंदे, पूर्वोक्त, पृ.’ असे लिहितात. ‘तत्रैव’ हा शब्द अगदी शेवटच्या प्रतीतच घालावा. मसुद्यात दोन टिपांमध्ये तिसरी नवी टीप घुसली की ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागते, आणि ही चूक वाचून सापडत नाही.

आडनाव-वर्ष पद्धतीत जुन्या ग्रंथांचा एक खास सापळा आहे. ‘(शिंदे १९७५)’ असे लिहिले तर ताराबाई १९७५ मध्ये लिहीत होत्या असा भास होतो. म्हणून ‘(शिंदे [१८८२] १९७५)’ असे दोन्ही सन द्यावेत. मूळ प्रकाशनावर शके छापलेले असेल तर तेही जपावे आणि कंसात इसवी सन द्यावा. शक आणि इसवी सन यांत ७८ वर्षांचे अंतर धरतात, पण शकवर्ष चैत्रापासून सुरू होत असल्यामुळे शके १८०४ हे १८८२ च्या मार्च-एप्रिलपासून १८८३ च्या मार्च-एप्रिलपर्यंत चालते. महिना ठाऊक नसेल तर ‘१८८२-८३’ असेच लिहावे.

नावांचा क्रम हा मराठी संदर्भसूचीतील कायमचा प्रश्न. सूचीत आडनाव आधी येते: ‘फुले, जोतीराव’, ‘शिंदे, ताराबाई’. संतांना मात्र आडनावाने शोधले जात नाही, म्हणून ‘तुकाराम’, ‘जनाबाई’, ‘ज्ञानदेव’ असेच ठेवावे. टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्यांची नोंद ग्रंथावर छापलेल्या नावाने करावी आणि मूळ नाव कंसात द्यावे: ‘केशवसुत (कृष्णाजी केशव दामले)’, ‘लोकहितवादी (गोपाळ हरी देशमुख)’. एकाच लेखकाचे नाव दोन पुस्तकांवर दोन प्रकारे छापलेले असले तर सूचीत एकच रूप ठरवून घ्यावे, पण ग्रंथाच्या शीर्षकात ते जसे छापले आहे तसेच ठेवावे.

सूची अकारविल्हे लावायची असते, आणि इथे संगणकावर विसंबता येत नाही. युनिकोडच्या मांडणीत ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच पुढे आहे, तर मराठी वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. त्यामुळे ‘काळे’ हे नाव ‘काशीकर’ आणि ‘कासार’ यांच्या आधी लागू शकते, खरे तर ते नंतर यायला हवे. क्रम हाताने तपासावा. याच निमित्ताने आणखी एक सूचना: निबंध युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या टंकांतील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरे बदलतात आणि त्यात शोधही घेता येत नाही.

नियतकालिकाचा संदर्भ देताना लेखक, लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे नाव, अंकाची तारीख आणि पृष्ठांक द्यावा. साप्ताहिकाला पूर्ण तारीख हवी, नुसते साल पुरत नाही. जुन्या वर्तमानपत्रांतील अग्रलेख बहुधा निनावी असतात, आणि तिथे घाईने कर्तृत्व बहाल केले जाते. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजी सुरू झाला आणि १८८७ पर्यंत त्याचे संपादक गोपाळ गणेश आगरकर होते. त्यामुळे त्या वर्षांतील एखादा अग्रलेख केवळ ‘केसरी’तला आहे म्हणून टिळकांच्या नावावर टाकता येत नाही, आणि संपादक होते म्हणून आगरकरांच्याही नावावर आपोआप टाकता येत नाही. ‘अग्रलेख (निनावी), केसरी’ आणि पुढे तारीख, एवढे लिहावे. लेखक कोण याविषयी कोणा अभ्यासकाचे मत घ्यायचे असेल तर ते स्वतंत्र टिपेत द्यावे.

संतवाङ्मयाला पृष्ठांकापेक्षा अंतर्गत क्रमांक अधिक उपयोगी पडतो. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय आणि ओवी (‘ज्ञा. ९.१२’ अशा धर्तीवर) दिले की कोणत्याही प्रतीत ती जागा सापडण्याची शक्यता वाढते. तुकारामांच्या गाथेत मात्र अभंगांचे क्रमांक प्रतीनुसार बदलतात, म्हणून तिथे कोणती गाथा हे सांगितल्याशिवाय क्रमांकाला अर्थ नाही. लोकहितवादींच्या शतपत्रांनाही पत्रक्रमांक आणि आवृत्ती दोन्ही द्यावीत.

संकेतस्थळाचा संदर्भ देताना लेखक, लेखाचे शीर्षक, संकेतस्थळाचे नाव, पूर्ण पत्ता आणि पाहिल्याची तारीख द्यावी, कारण पान उद्या बदलू शकते. छापील पुस्तकाची प्रतिमा महाजालावर वाचली असेल तर संदर्भ पुस्तकाचाच द्यावा आणि ती प्रतिमा कुठे पाहिली ते जोडावे. समाजमाध्यमांवर फिरणारी, थोर व्यक्तींच्या नावाने सजवलेली वाक्ये मूळ ग्रंथात सापडल्याशिवाय वापरू नयेत. मजकूर लिहून देणारी संगणकीय साधनेही अस्तित्वात नसलेली पुस्तके आणि पृष्ठांक अगदी विश्वासार्ह रूपात रचून देतात. त्यांनी सुचवलेला प्रत्येक ग्रंथ ग्रंथालयाच्या सूचीत पाहून, उघडून, पान वाचूनच घ्यावा.

उचलेगिरी आणि टक्केवारी

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यविषयक नियम लागू केले. त्यांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन सादर करावे लागते, ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर सुधारित लेखन सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. रीतसर संदर्भ दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. हे आकडे माहीत असावेत, पण ९ टक्के आले म्हणजे निबंध निर्दोष असे मानू नये. यंत्र जुळणारे शब्द मोजते. शब्द बदलून घेतलेला दुसऱ्याचा युक्तिवाद त्याला बहुधा दिसत नाही, आणि मराठीतील छापील पुस्तकांपैकी कितीतरी त्याच्या साठ्यातच नसतात. परीक्षकाला मात्र तो युक्तिवाद ओळखू येतो.

सादर करण्यापूर्वी

अखेरचे दोन दिवस नव्या लेखनासाठी वापरू नयेत. निबंध छापून घ्यावा आणि तीन वेगवेगळ्या वेळी वाचावा: एकदा केवळ युक्तिवादासाठी, एकदा केवळ भाषेसाठी, आणि एकदा केवळ टिपांसाठी. तिसऱ्या वाचनात प्रत्येक अवतरण मूळ पानाशी अक्षरशः ताडून पाहावे, मजकुरात आलेला प्रत्येक ग्रंथ सूचीत आहे आणि सूचीतील प्रत्येक ग्रंथ मजकुरात कुठेतरी खरोखर वापरला आहे याची खात्री करावी. न वापरलेल्या पुस्तकांनी सूची लांबवण्याची प्रथा आहे, ती पाळू नये.

त्यानंतर निबंध एखाद्या सहाध्यायाकडे द्यावा. अभिप्राय मागण्याऐवजी त्याला कोणत्याही तीन टिपा स्वतःच निवडायला सांगाव्यात, आणि तुमची काहीही मदत न घेता, केवळ त्या टिपांच्या आधारे ग्रंथालयात जाऊन ती तीन पाने उघडून आणायला सांगावीत. तो ज्या टिपेपाशी अडेल, ती टीप त्याच दिवशी दुरुस्त करावी.